भंगारातली बेचाळीस विमानं

वाशिमला आमच्याकडे 'अल्युमिनियम' हा शब्द शाळेच्या पुस्तकापुरता. घरात त्याला जर्मन म्हणायचं. जर्मनचा गंज, जर्मनची परात, जर्मनचं झाकण. भंगारवाला हातगाडी घेऊन गल्लीत शिरला की तोही हाच शब्द ओरडायचा. तराजूत टाकताना तांब्याला चढा भाव, मग पितळ, मग जर्मन आणि सगळ्यात शेवटी लोखंड. आजी गंज द्यायला तयार नसायची. बुडाला पोचा आला, एक कान तुटला, तरी कानाच्या जागी तार गुंफून तो चुलीवर चढायचाच. मोडीत काय काढायचं आणि काय नाही हे भाव बघून ठरत नाही, घरात दुसरं काय आहे ते बघून ठरतं, हा धडा मी तिथे शिकलो. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या विमानांची गोष्ट वाचताना तो गंज आठवत राहिला.

हे 'जर्मन' नाव बहुधा जर्मन सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूवरून चुकून चिकटलं असावं. त्या धातूत अल्युमिनियम नावालाही नसतं. पण योगायोग असा की ज्या पत्र्यातून लढाऊ विमानं बनली तो खरोखरच जर्मनीत जन्मला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की अल्युमिनियममध्ये चार टक्क्यांच्या आसपास तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाण्यात विझवलं की ते लगेच कडक होत नाही. पण दोन-चार दिवस नुसतं पडून राहिलं की आपोआप कडक होतं. ड्यूरेन गावच्या कारखान्यावरून त्याला ड्युरालुमिन म्हणू लागले. वजनाला अल्युमिनियम, ताकदीला जवळजवळ पोलाद. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत जगभरच्या विमानांचे पंख आणि पोटं याच जातीच्या पत्र्याची झाली.

१९४५च्या ऑगस्टमध्ये युद्ध थांबलं तेव्हा हा पत्रा जगभर ढिगांनी पडला होता. एकट्या अमेरिकेने त्या काही वर्षांत तीन लाखांच्या आसपास विमानं बांधली होती. त्यातलं बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान अठरा हजारांहून जास्त बनलं. दुसरं कुठलंच अमेरिकन लष्करी विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. डेट्रॉइटजवळच्या विलो रन इथल्या फोर्डच्या कारखान्यातून, ऐन भरात, तासाला एक लिबरेटर बाहेर पडत होतं. पंखांचा पसारा ११० फूट, किंमत तीन लाख डॉलरच्या घरात. आणि शांतता होताच त्याची किंमत उरली ती फक्त पत्र्याची.

ॲरिझोनाच्या वाळवंटात किंगमन नावाचं गाव आहे. तिथल्या धावपट्टीभोवती सुमारे साडेपाच हजार विमानं आणून उभी केली. काही कारखान्यातून थेट आलेली, एकदाही लढाईवर न गेलेली. एका कंत्राटदाराने तो सगळा माल पावणेतीन दशलक्ष डॉलरच्या आसपास विकत घेतला. म्हणजे एक विमान सरासरी पाचशे डॉलरला पडलं. इंजिनं, पंखे आणि रेडिओ काढून घ्यायचे आणि उरलेल्या सांगाड्यावर क्रेनने उचललेलं मोठं पातं वरून सोडायचं. कापलेले तुकडे भट्टीत, भट्टीतून अल्युमिनियमच्या विटा. टाक्यांत उरलेलं पेट्रोल विकूनच खर्चाचा बराच भाग निघाला म्हणतात. १९४८च्या सुमारास मैदान रिकामं झालं.

तिकडे किंगमनचं मैदान रिकामं होत होतं, त्याच वर्षी इकडे कानपूरला काही माणसं अशाच मोडक्या लिबरेटरांच्या ढिगाभोवती फिरत होती, यातलं कुठलं उडवता येईल ते बघत.

हा ढीग कानपूरला कसा आला? युद्धात ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सला लिबरेटर अमेरिकेकडून मिळाली, ती 'लेंड-लीज' कायद्याखाली. विकत नाही, फुकट नाही, वापरायला दिलेली. बंगालमधल्या दिग्री, सालबनी अशा विमानतळांवरून ती ब्रह्मदेश आणि सयामच्या रेल्वेपुलांवर, रंगूनवर जात. १९४४च्या ऑक्टोबरमध्ये १५९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमानं पेनांगच्या बंदरात पाणसुरुंग टाकून परत आली. जाऊन-येऊन तीन हजार मैलांहून जास्त पल्ला, बहुतेक समुद्रावरून.

युद्ध संपलं आणि हिशेब आला. वापरात संपलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालाचे पैसे नाहीत, शिल्लक असेल तो परत करा नाहीतर किंमत मोजा, अशी अट. ब्रिटनकडे डॉलर नव्हते. त्याच सुमारास त्यांनी अमेरिकेकडून पावणेचार अब्ज डॉलरचं कर्ज काढलं होतं. आणि अमेरिकेला विमानं परत नकोच होती, घरचीच कापायला जागा पुरत नव्हती. मग सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे वहीत 'नष्ट' असं लिहिणं, आणि तसं लिहायचं तर नष्ट करणं. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. आपल्याकडे ही गोष्ट 'इंग्रजांनी जाता जाता मोडतोड केली' अशी सांगितली जाते. ती मोडतोड खरी, पण तिच्यामागे सूड नव्हता, खतावणी होती.

देशातली बरीच लिबरेटर कानपूरजवळच्या चकेरी विमानतळावर गोळा झाली. तिथे ती निकामी केली गेली. कॉकपिटमधल्या तबकड्यांवर हातोडे, पत्र्यावर कुदळी, इंजिनात वाळू, काहींना बुलडोझरची धडक. ज्यांनी हे केलं त्यांत त्याच विमानांची देखभाल केलेले हातही असतील. मग पावसाळे आले, गवत वाढलं, आणि देश स्वतंत्र झाला तेव्हा ती विमानं तिथेच होती.

आता दुसरं टोक, बंगलोर. सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांना १९३९ मध्ये पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन विमान-व्यापारी भेटला, आणि त्या गप्पांतून हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने. १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी अमेरिकन हवाई दलाने तो कारखाना आपल्या दुरुस्तीच्या तळासाठी ताब्यात घेतला. त्या काळात डाकोटा, बी-२५, कॅटलिना अशी विमानं तिथे उघडली आणि जोडली गेली. मराठी माणूस वालचंदांचं नाव काढतो ते साखर आणि जहाजांसाठी. पण माझ्या मते त्यांचा सगळ्यात दूरचा हिशेब हाच होता. त्यांनी विमानं बनवायला कारखाना काढला. युद्धाने तिथल्या फिटरांना विमानं उघडायला शिकवलं.

युद्धानंतर हाच कारखाना काय करत होता? रेल्वेचे तिसऱ्या वर्गाचे डबे बांधत होता. आणि डिस्पोजलमध्ये निघालेली डाकोटा विमानं प्रवासी कंपन्यांसाठी दुरुस्त करून देत होता. डिस्पोजल हा त्या काळाचा शब्द. जीप, तंबू, बूट, घोंगड्या, सगळं लष्करी उरलंसुरलं त्या नावाखाली बाजारात येत होतं, आणि विमानंही.

त्या डाकोटांचा विदर्भाशी जवळचा संबंध आला. १९४९ पासून नागपूरला रात्रीच्या हवाई टपालाची सोय सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी टपालाची विमानं मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर यायची, पोती अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परतायची. नकाशावर मुंबई-नागपूर अशी दोरी ताणली तर ती आजच्या वाशिम जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, कारंजाच्या थोडी वरून जाते. तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्यातला तालुका. जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. युद्धातून उरलेली विमानं वऱ्हाडातल्या रात्रींवरून अशी पत्रं घेऊन गेली.

कानपूरच्या ढिगाकडे लक्ष गेलं ते काश्मीरमुळे. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांचा हल्ला झाला आणि भारतीय हवाई दलाकडे जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हतं. डाकोटाच्या उघड्या दारातून माणसांनी हाताने बॉम्ब ढकलून द्यायचे, अशी वेळ होती. नवी बॉम्बफेकी विमानं विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि असता तरी देणारा कोण, हा प्रश्न होताच. मग हिंदुस्थान एअरक्राफ्टला विचारणा झाली: चकेरीला पडलेल्यांतून काही निघतं का बघा.

इथे जरा थांबून लिबरेटर जवळून बघायला हवं, म्हणजे 'काही निघतं का' या तीन शब्दांचं वजन कळेल. एका विमानाला चार इंजिनं. प्रत्येक इंजिनाला दोन ओळींत चौदा सिलिंडर. म्हणजे विमानामागे छप्पन्न सिलिंडर आणि प्रत्येकी दोन मिळून एकशे बारा प्लग. यातल्या एका इंजिनात मूठभर वाळू गेली आणि ती तेलाबरोबर फिरली की बेअरिंग खाऊन टाकते. त्यामुळे इंजिन बाहेरून बघून चालत नाही, उघडावंच लागतं. पंख लांब आणि अरुंद. त्यांच्या आत जो मुख्य दांडा असतो त्याला धडकेने केसाएवढी चीर गेली असेल तर ते विमान संपलं, बाकी सगळं नवं असलं तरी. पोटातून गेलेल्या पेट्रोलच्या नळ्या, मैलभर वायर, हायड्रॉलिकच्या नळ्या, फुटलेल्या तबकड्या. आणि हे सगळं कारखान्याच्या छपराखाली नाही, कानपूरच्या उन्हात.

बंगलोरच्या माणसांनी सोपा पण जिवावरचा मार्ग काढला. इथे पूर्ण दुरुस्ती करायचीच नाही. एका विमानाचं शेपूट, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याचं चालतं इंजिन असं जमवून एक विमान फक्त बंगलोरपर्यंत पोचेल एवढंच उभं करायचं. खरी दुरुस्ती तिथे, कारखान्यात. आता हे 'पोचेल एवढं' विमान उडवायचं कोणी? कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी. लिबरेटर त्यांनी आधी कधी चालवलेलं नव्हतं, वैमानिकाची पुस्तिका वाचून ते बसले, असं सांगतात. हेच मुन्शी पुढे ५ ऑगस्ट १९५१ला एचटी-२ हे स्वतंत्र भारतात आखलेलं प्रशिक्षण विमान पहिल्यांदा हवेत घेऊन गेले. पण मला विचाराल तर त्यांचं मोठं काम हे कानपूरचंच. नवं विमान पहिल्यांदा उडवणाऱ्याला निदान ते कुणी मुद्दाम मोडलेलं नाही एवढी खात्री असते.

कानपूर ते बंगलोर सरळ अंतर दीड हजार किलोमीटर. ती रेघही विदर्भातूनच जाते, नागपूरच्या किंचित पूर्वेकडून. अशा सुमारे बेचाळीस फेऱ्या झाल्या. बेचाळीस भंगार विमानं, आणि एकही वाटेत पडलं नाही.

२ नोव्हेंबर १९४८ला कानपूरला पाच क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटरवर उभी राहिली. हवाई दलाची ही पहिली जड बॉम्बफेकी तुकडी. काश्मीरसाठी मात्र उशीर झाला होता. दोन महिन्यांत, १ जानेवारी १९४९ला शस्त्रसंधी झाली. ज्या गरजेपोटी ढीग उपसला ती गरज सरली, विमानं उरली.

मग ती महाराष्ट्रात आली. पुण्याचं लोहगाव १९३९ सालचं, युद्धाच्याच तोंडावर मुंबईच्या रक्षणासाठी केलेलं. १९५१च्या सुरुवातीला सहा क्रमांकाची स्क्वाड्रन तिथे लिबरेटरवर नव्याने उभी राहिली, आणि तिला काम मिळालं अरबी समुद्रावर पहारा देण्याचं. शत्रूच्या शहरांवर बॉम्ब टाकायला बांधलेलं विमान इथे तासन्‌तास पाण्यावर फिरत जहाजं शोधू लागलं. या कामाला ते उत्तम होतं. पेनांगला जाऊन येणाऱ्याला अरबी समुद्राचं काय! १९५७ पासून कॅनबेरा जेट आली आणि बॉम्बफेकीच्या तुकड्यांतून लिबरेटर गेली, पण सहा क्रमांकाने ती सोडली नाहीत. १९६२ मध्ये एअर इंडियाने वापरून झालेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं याच स्क्वाड्रनला मिळाली. म्हणजे लोहगावला तेव्हा एका बाजूला इंग्रजांनी टाकलेली आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच कंपनीने उतरवलेली विमानं उभी असत, आणि दोन्ही उडत. आणखी एक मजा: पुणे-नागपूर अशी सरळ रेघ काढली तर ती जवळजवळ वाशिम गावाच्या डोक्यावरूनच जाते. लहानपणी वर नुसता आवाज यायचा, विमान दिसायचं नाही. कुठलं होतं हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती.

३१ डिसेंबर १९६८ला लिबरेटर भारतीय हवाई दलातून निवृत्त झालं. जगातल्या कुठल्याच हवाई दलाने ते इतका काळ चालवलं नव्हतं. इंग्रजांनी ज्याला वीस वर्षांपूर्वी वाळू पाजली होती त्या विमानाने आपल्याकडे पूर्ण नोकरी करून पेन्शन घेतली.

आणि मग उलटा बाजार सुरू झाला. जगभरच्या संग्रहालयांच्या लक्षात आलं की अठरा हजार लिबरेटर बांधली गेली खरी, पण जवळजवळ सगळी वितळवून झाली, आता दाखवायला फारशी उरलीच नाहीत. सगळे पुण्याकडे वळले. कॅनडाने एक नेलं आणि बदल्यात आपल्याला लायसँडर हे जुनं विमान दिलं. ते आज दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये एक लिबरेटर पुण्याहून उडत उडत अमेरिकेत ॲरिझोनाला गेलं, टूसान गावच्या पिमा संग्रहालयात. ॲरिझोना म्हणजे किंगमनचंच राज्य. ज्या वाळवंटात साडेपाच हजार विमानं कापली, तिथे दाखवायला एक भारतातून मागवावं लागलं. १९७३ मध्ये आणखी एक गेलं. नेणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'डेल्ही बेली', म्हणजे हिंदुस्थानात येऊन गोऱ्यांचं पोट बिघडतं त्यावरून. विनोद बरा आहे, पण त्या विमानाचं पोट बिघडलं होतं ते कुणामुळे आणि दुरुस्त केलं कोणी, हेही नावात आलं असतं तर बरं झालं असतं. आणखी एकाचे भाग १९८२ मध्ये इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेला गेले. १९८९ला ते पुन्हा उडालं.

बाकीची आपण काय केली? काही अपघातात गेली होती, उरलेली मोडीत निघाली. याबाबत आपलाही हात काही फार हळवा नाही. विक्रांत या विमानवाहू नौकेचंच बघा. तीही महायुद्धातलीच, १९४३ला इंग्लंडात बांधायला घेतलेली आणि अर्धवट राहिलेली. आपण ती घेऊन पुरी केली, १९६१ला नौदलात आणली, १९९७ला निवृत्त केली आणि २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्याला तोडली. तिचं पोलाद वापरलेली मोटरसायकल पुण्याच्या बजाजने काढली आणि आपण ती हौसेने घेतली. वाशिमच्या पाटणी चौकातही ती उभी दिसे, टाकीवर विक्रांतचं नाव मिरवत. वाईट वाटून घ्यावं की गंमत वाटून घ्यावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका विमानाची हकीकत मात्र पूर्ण सांगायला हवी. त्याचा ब्रिटिश नंबर केएन-७५१. १९४५ मध्ये ते हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरून रॉयल एअर फोर्सच्या ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये उडत होतं. युद्ध संपलं, ते भारतात आलं, टाकून दिलेल्यांत गेलं, बंगलोरला दुरुस्त झालं, भारतीय नंबर एचई-८०७ घेऊन नोकरी केली. १९७४च्या जुलैमध्ये भारताने ते ब्रिटनला दिलं, आणि ते स्वतःच्या चार इंजिनांवर उडत इंग्लंडला पोचलं. ज्या हवाई दलाने ते निकामी म्हणून सोडलं होतं, त्याच्याच संग्रहालयात.

वाशिम-अकोल्याकडची कितीतरी घरं आता अशी आहेत की मुलगा किंवा सून लंडनला आहे. सहा महिने नातवंडांकडे जाणं होतं. राजवाडा आणि मोठं घड्याळ बघून झालं की एक दिवस शहराच्या उत्तरेला हेंडनला जा. तिथे रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात हे विमान उभं आहे. खाली जाऊन पत्र्याकडे नीट बघा. रंग आणि नंबर इंग्रजांचे आहेत, पण ते मोडीतून उठवलं बंगलोरच्या फिटरांनी.